विजेचा दाब, रेग्युलेटर आणि उष्णता : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याचा इतिहास लिहिताना तेरचा प्राचीन व्यापार, धाराशिवची लेणी, नळदुर्गचा किल्ला, तुळजाभवानीचे क्षेत्र, हैदराबाद मुक्तिसंग्राम, १९७२ चा दुष्काळ आणि १९९३ चा भूकंप हे विषय प्राधान्याने येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांत या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत जी इलेक्ट्रॉनिक उपकरणे पोहोचली, ती येथील विजेवर व येथील उन्हात कशी टिकली, हा प्रश्न इतिहासलेखनात फारसा आलेला नाही. प्रस्तुत लेखात त्यातील एकाच, वरवर किरकोळ वाटणाऱ्या बाजूचा विचार केला आहे. ती बाजू म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये निर्माण होणारी उष्णता आणि तिची विल्हेवाट.

उपकरणातील मुद्रित परिपथ फलकाला, म्हणजे पीसीबीला, ठरावीक आणि स्थिर दाबाची वीज लागते. ती पुरविणारा घटक म्हणजे रेग्युलेटर. तंत्रज्ञानाच्या ग्रंथांत या घटकाचा इतिहास नव्या चिपांचा आणि नव्या शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. धाराशिवसारख्या जिल्ह्यातून पाहिले असता मात्र तो वेगळा दिसतो. येथे रेग्युलेटर किती तापेल हे चिपच्या गुणवत्तेइतकेच गावच्या डीपीवरील भाराने, शेतीपंपांच्या वेळापत्रकाने आणि घरावरील छपराने ठरत आले. इतकेच नव्हे, तर उपकरणांची पिढी बदलली तशी रेग्युलेटर तापण्याची दिवसातील वेळही बदलत गेली. या बदलाकडे लक्ष वेधणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

जादा दाबाची उष्णता

जिल्ह्यात आधी आला तो ट्रान्झिस्टर रेडिओ. तो सेलवर चालत असल्याने रेग्युलेटरचा आणि उष्णतेचा प्रश्न त्याला जवळजवळ नव्हताच. खरा प्रश्न आला तो घरगुती विजेवर चालणाऱ्या दूरचित्रवाणी संचांबरोबर. १९८४ नंतर देशभर दूरदर्शनच्या लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे वेगाने वाढले आणि लहान शहरांतून व मोठ्या गावांतून कृष्णधवल संच दिसू लागले. १२ ते १४ इंची लहान संचांच्या आत साधारण ११ व्होल्ट स्थिर दाब लागत असे. तो मिळविण्यासाठी एक जाड ट्रान्झिस्टर अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर किंवा पंखे असलेल्या हीट सिंकवर बसविलेला असे, आणि तो पुष्कळदा संचाच्या पाठीमागे बाहेरच्या बाजूला असे. असे संच १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालत. १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ मालिका चालू असताना वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी आणून संच चालू ठेवण्याचे प्रसंग मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या आठवणीत आहेत. बॅटरीवर चालताना तो पाठीमागचा पत्रा जेमतेम कोमट होई. विजेवर मात्र त्याला हात लावणे कठीण जाई.

या फरकाचे कारण रेखीय रेग्युलेटरच्या स्वभावात आहे. तुळजापूरचा घाट उतरणारा ट्रक ब्रेक लावून वेग कायम राखतो आणि घाट जितका तीव्र तितके ब्रेक तापतात. रेखीय रेग्युलेटर तसाच आहे. आत येणारा दाब आणि बाहेर द्यावयाचा दाब यांतील फरकाला प्रवाहाने गुणले की जितके वॅट येतात, तितकी उष्णता त्याला स्वतःच्या अंगावर घ्यावी लागते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत बॉब विडलर यांनी नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीसाठी तीन पायांचा ५ व्होल्टचा एकसंध रेग्युलेटर तयार केला. मर्यादेबाहेर तापल्यास स्वतःच बंद पडण्याची सोय त्या चिपमध्येच होती. पुढे आलेल्या ७८०५ या चिपने हीच सोय जगभर अत्यंत स्वस्त केली. आपल्याकडील विज्ञान महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा पहिली पडणारी रेग्युलेटर चिप हीच होय.

आता प्रश्न येतो तो आत येणाऱ्या दाबाचा. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनुसार घरगुती वीजपुरवठ्यात घोषित दाबापासून ६ टक्क्यांपेक्षा अधिक चढउतार अपेक्षित नव्हता. म्हणजे २३० व्होल्टचा पुरवठा २१६ ते २४४ च्या दरम्यान राहावयास हवा होता. प्रत्यक्षात लांब पल्ल्याच्या वाहिन्या, डीपीवरील अतिरिक्त भार आणि विहिरींवर एकाच वेळी सुरू होणारे पंप यांमुळे ग्रामीण भागात तो याच्या कितीतरी खाली जाई आणि पंप बंद झाल्यावर तितकाच वर चढे. बल्ब लालसर पेटला की दाब उतरला आणि डोळे दिपतील इतका पेटला की चढला, ही गावातील मोजण्याची रीत होती.

या चढउताराची किंमत एका साध्या गणिताने स्पष्ट होते. ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर देणारे एक उपकरण घेऊ. पुरवठा नियमांच्या मर्यादेत राहणार असेल, तर साडेसात व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. वीज २४४ व्होल्टवर गेली तरी ७८०५ समोर सुमारे ९.८ व्होल्ट येतात आणि त्याला सुमारे २.४ वॅट उष्णता सोसावी लागते. परंतु तेच उपकरण १८० व्होल्टवरही चालावे अशी अपेक्षा असेल तर ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. मग रात्री दाब २६० वर गेला की रेग्युलेटरसमोर १३ व्होल्ट येतात आणि उष्णता ४ वॅट होते. उपकरणाचे काम तेच राहिले आणि बाहेर पडणारी वीजही तेवढीच राहिली. वाढलेले दीड वॅट हे केवळ अनिश्चित पुरवठ्याचे आहेत.

दीड वॅट ही क्षुल्लक बाब वाटेल. पण हीट सिंकशिवाय उभ्या केलेल्या ७८०५ चे अंतर्गत तापमान दर वॅटमागे सुमारे ६५ अंश सेल्सिअसने वाढते. चिपच्या आत १२५ अंश ही मर्यादा धरली आणि मे महिन्यात बंद डब्यातील हवा ५५ अंशांवर असेल, तर हीट सिंकशिवाय ती चिप सुमारे एक वॅटच पेलू शकते. ३० अंशांच्या खोलीत, ४० अंशांच्या डब्यात बसलेल्या २.४ वॅटच्या रेग्युलेटरला जेवढा हीट सिंक लागतो, त्याच्या दुपटीहून अधिक क्षमतेचा हीट सिंक ५५ अंशांतील ४ वॅटच्या रेग्युलेटरला लागतो. उपकरणाचा आराखडा मुंबईत किंवा परदेशात एका चांगल्या खोलीत बसून केलेला असेल, तर हा फरक कागदावर येतच नाही.

तो दुरुस्तीच्या दुकानात येई. ‘आपोआप बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते’ ही तक्रार म्हणजे बहुधा चिपमधील ती सुरक्षेची सोय आपले काम करीत असल्याची खूण असे. जाणते कारागीर अशा वेळी चिप बदलत नसत. ते तिच्या पाठीमागचा अभ्रकाचा पापुद्रा आणि पांढरी पेस्ट नवी करीत, स्क्रू घट्ट आवळीत किंवा एखादा मोठा पत्रा जोडून देत. चिप बदलून देणाऱ्याकडे तोच संच पुढच्या उन्हाळ्यात परत येई.

रेखीय रेग्युलेटर सर्वांत जास्त तापण्याची वेळ दाब सर्वांत जास्त असण्याची, म्हणजे उशिरा रात्रीची होती. त्या वेळी हवा थंड झालेली असे, ही त्यातील सोयीची बाजू. शेतीला रात्रीची वीज देण्याची पाळी असलेल्या दिवसांत मात्र हे गणित बदले, कारण मग पंप रात्री चालत आणि दाब दिवसा चढे.

छपराचा प्रश्न

आजूबाजूच्या हवेचे तापमान हा या गणितातील दुसरा महत्त्वाचा आकडा आहे, आणि तो छप्पर ठरविते. मराठवाड्यातील जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची व माळवदाची होती. भर दुपारीही आत गारवा राही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात उमरगा व लोहारा परिसरातील आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातील नेमकी हीच घरे कोसळली आणि हजारो माणसे त्यांच्याखाली गाडली गेली. त्यानंतर लोकांचा जाड भिंतींवरील विश्वास उडाला यात नवल नाही. पत्र्याचे निवारे आले, पुढे हलक्या छपरांची आणि काँक्रीटच्या स्लॅबची घरे आली. माणसांच्या जिवाचा प्रश्न असताना उपकरणांच्या तापमानाचा विचार कोणी करणार नव्हते, करावयासही नको होता. तरीही एक तांत्रिक परिणाम म्हणून हे नोंदविले पाहिजे की, पत्र्याखालची दुपार माळवदाखालच्या दुपारीपेक्षा कितीतरी तप्त असते, आणि दूरचित्रवाणी संच, स्टॅबिलायझर, टेलिफोन बूथवरील बिलाचे यंत्र या सर्वांना पुढची वर्षे त्या हवेत काढावी लागली.

किट्टूरचा धडा

या पार्श्वभूमीवर ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंजचा इतिहास विशेष उद्बोधक ठरतो. भारतातील संगणकयुगाच्या आरंभी उष्णतेवरचा उपाय वातानुकूलन हाच होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. अशा यंत्राला थंड खोली देणे मुंबईत शक्य होते. परंतु वीजच दिवसाचे काही तास असणाऱ्या खेड्यातील एक्स्चेंजला ती कोठून द्यावयाची?

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा आणि जी. बी. मीमांसी यांच्याबरोबर तिच्या उभारणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले डॉ. एम. व्ही. पिटके यांचा महत्त्वाचा वाटा होता. या संस्थेचे १२८ पोर्टचे पहिले ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज १९८६ मध्ये तत्कालीन बेळगाव जिल्ह्यातील किट्टूर येथे सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय, भारतीय खेड्यातील उष्णता आणि धूळ सोसून चालणे ही त्याची मूळ अट होती. पुढच्या दशकात अशी एक्स्चेंजे देशाच्या सर्व भागांतील, मराठवाड्यातीलही, गावांत पोहोचली.

येथे मुद्दा हवा थंड करण्याचा नव्हता, मुळात उष्णता कमी निर्माण करण्याचा होता. टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. २ व्होल्टच्या २४ सेलची ही बॅटरी पूर्ण भारित अवस्थेत सुमारे ५४ व्होल्ट देते आणि बराच वेळ वीज गेल्यावर सुमारे ४४ व्होल्टपर्यंत उतरते. या ५४ व्होल्टमधून तर्कमंडलांना लागणारे ५ व्होल्ट रेखीय रेग्युलेटरने काढावयाचे म्हटले, तर घेतलेल्या विजेपैकी ९० टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत जाईल. ते शक्यच नव्हते. म्हणून वीजपुरवठ्याच्या कार्डांवर वेगाने चालू-बंद होऊन दाब उतरविणारे परिवर्तक होते. त्याला कमी वीज खाणाऱ्या चिपांची आणि कार्डांमधून आपोआप वर जाणाऱ्या हवेची जोड होती. बॅटरी मधे असल्यामुळे गावच्या विजेचा चढउतार कार्डापर्यंत पोहोचतच नसे, हाही एक मोठा लाभ होता. नंतरच्या काळात मोबाइल मनोऱ्यांच्या सुरुवातीच्या बंदिस्त खोल्यांत पुन्हा वातानुकूलन आणि त्यासाठी डिझेल जनित्र आले, तेव्हा किट्टूरचा धडा काही वर्षे विसरला गेला असे म्हणावे लागते.

वेळ बदलते

हीच चालू-बंद पद्धती रंगीत दूरचित्रवाणी संचांतून आणि संगणकांतून घरोघर आली. स्टॅबिलायझर न लावताही कमी-अधिक दाबावर चालणारा संच ही विक्रेत्यांची मोठी जाहिरात होती, आणि ती बव्हंशी खरी होती. परंतु अशा पुरवठ्याची उष्णता उलट रीतीने वागते. त्याला ठरलेली शक्ती द्यावयाची असल्याने बाहेरचा दाब उतरला की तो अधिक प्रवाह ओढतो आणि अधिक तापतो. म्हणजे रेखीय रेग्युलेटर रात्रीच्या चढ्या दाबाने तापत होता, तर हा संध्याकाळच्या उतरलेल्या दाबाने तापू लागला. संध्याकाळी दिवे, पंप आणि गिरण्या एकत्र चालू असत, स्लॅब दिवसभर तापलेला असे आणि नेमकी हीच वेळ दूरचित्रवाणी पाहण्याची होती. जुन्या संचांना मिळणारी रात्रीच्या गारव्याची सवलत येथे संपली.

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे कळंब, भूम, परंडा, उमरगा अशा तालुक्यांच्या गावी संगणक कक्ष उभे राहिले. महाविद्यालयांतूनही असे कक्ष झाले. हाच काळ तीव्र भारनियमनाचा होता. वीज नसताना यूपीएसवर संगणक चालत, पंखे मात्र थांबत.

या संगणकांच्या मदरबोर्डवर रेग्युलेटरच्या उष्णतेचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. १९९७ च्या पेंटियम एमएमएक्स प्रोसेसरला २.८ व्होल्ट लागत. ५ व्होल्टमधून ते रेखीय पद्धतीने काढल्यास ६ अँपिअरला १३ वॅट उष्णता होते. पीसीबीवर एक २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न अर्ध्या शक्तीवर चालू ठेवल्यासारखेच ते होते. पुढच्या प्रोसेसरांना दीड व्होल्टच्या आसपास ५० अँपिअर लागू लागले, तेव्हा १२ व्होल्टमधून रेखीय पद्धतीने वीज देणे म्हणजे ५०० वॅटहून अधिक वाया घालविणे ठरले असते. म्हणून एकाच कामाचे तीन-चार लहान चालू-बंद परिपथ प्रोसेसरभोवती मांडून भार वाटण्यात आला. तरीही, ८० टक्के कार्यक्षमता धरली तर, सुमारे १९ वॅट उष्णता काही चौरस सेंटिमीटर जागेत निर्माण होई.

ही उष्णता घालविण्यासाठी वेगळा हीट सिंक न लावता पीसीबीवरील तांब्याचाच उपयोग होऊ लागला. नेहमीच्या फलकावर तांब्याचा थर अवघा ३५ मायक्रॉन जाड असतो, पण तांबे फायबरग्लासच्या एफआर-४ फलकापेक्षा हजार पटीहून अधिक चांगले उष्णतावाहक आहे. चिपचे पोट थेट तांब्याच्या रुंद पट्ट्यावर जोडावयाचे आणि बारीक छिद्रांतील तांब्याच्या नळ्यांनी उष्णता आतल्या व मागच्या थरांत उतरवावयाची, ही ती पद्धत. आराखडा करणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच सोयीचा बदल होता. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो तितका सुखाचा नव्हता. पूर्वी तापलेला भाग डोळ्यांना दिसे आणि पत्रा वाढविता येई. आता संपूर्ण फलकच हीट सिंक झाल्याने त्यात भर घालावयास जागा राहिली नाही. शिवाय जे तांबे चिपची उष्णता ओढून नेते, तेच सोल्डरिंग आयर्नचीही नेते, त्यामुळे २५ वॅटच्या आयर्नने त्या चिपचे कथील वितळेना. दुरुस्तीऐवजी ‘बोर्ड बदला’ हे उत्तर रूढ होण्यामागे हे एक कारण आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

याच काळात प्रोसेसरजवळचे कपॅसिटर फुगून फुटण्याचे प्रकार सर्वत्र झाले. त्याचा दोष मराठवाड्याच्या उन्हावर टाकण्याची प्रवृत्ती होती. ती पूर्णतः बरोबर नव्हती. १० अंशांनी तापमान वाढले की इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते, हा स्थूल नियम खरा आहे. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना ३२ हजार तास आणि ७५ अंशांना १६ हजार तास टिकावयास हवा. दिवसाला आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस वापर धरला, तर ७५ अंशांतही तो सहा वर्षांहून अधिक चालेल. दोन-तीन वर्षांत फुटणारे कपॅसिटर मुळात सदोष होते. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष रसायनाचे कपॅसिटर जगभरच्या उपकरणांत गेले होते आणि थंड देशांतही ते फुटले. उष्णतेने फक्त त्यांचा दिवस अलीकडे आणला.

दुपारची उष्णता

२००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आल्यानंतरच्या वर्षांत गावठाण वाहिनी शेतीपंपांच्या वाहिनीपासून वेगळी करण्याची कामे राज्यात झाली. उपकरणांच्या दृष्टीने या योजनेचे महत्त्व कोणत्याही नव्या चिपपेक्षा कमी नाही. पंपांचा भार घरगुती वाहिनीवरून निघाल्याने जेथे हे काम नीट झाले तेथे संध्याकाळी दाब कोसळण्याचे मूळ कारणच दूर झाले.

पंपांचा प्रश्न त्यानंतर वेगळ्या वाटेने पुढे गेला. २०१९ ची पीएम-कुसुम आणि २०२४ ची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या योजनांमुळे जिल्ह्यातील विहिरींवर सौर पॅनेल दिसू लागली. पॅनेलकडून येणारा बदलता दाब पंपाला योग्य असा घडविणारा नियंत्रक प्रत्येक संचाबरोबर असतो, आणि आता विजेचा चढउतार डीपीचा नसून सूर्याचा आहे. ५ अश्वशक्तीच्या पंपाच्या नियंत्रकाची कार्यक्षमता ९६ टक्के धरली तरी सुमारे १५० वॅट उष्णता त्या पेटीतून बाहेर जावी लागते. धूळ व पाऊस आत जाऊ नये म्हणून पेटी बंदिस्त असते, त्यामुळे पाठीमागचे अॅल्युमिनियमचे पंखे हाच उष्णतेचा मुख्य मार्ग उरतो. पंप पूर्ण शक्तीने चालतो ती वेळ भर दुपारची, आणि या जिल्ह्यात उन्हाळी दुपारी हवा ४० अंशांच्या वर असते. रेखीय रेग्युलेटर रात्री तापत होता, चालू-बंद पुरवठा संध्याकाळी, आणि हा नियंत्रक दिवसातील सर्वांत तप्त प्रहरीच सर्वाधिक तापतो.

म्हणून पेटी पॅनेलच्या सावलीत, खांबावर बसविण्याची रीत आहे. तरीही तिची जागा ठरविताना एक स्थानिक गोष्ट पाहावी लागते. धाराशिव सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य माध्यान्हीही किंचित उत्तरेकडे असतो, आणि सकाळी व चारनंतर तर तो स्पष्टपणे उत्तरेच्या बाजूने येतो. पॅनेल दक्षिणेकडे उतरती असल्यामुळे तिची उत्तरेची कड उंच असते. त्या बाजूच्या खांबावर बसविलेल्या पेटीवर हिवाळ्यात दिवसभर सावली राहते, मात्र मे-जूनमध्ये सकाळी आणि चार वाजल्यानंतर थेट ऊन पडते.